खाण आपली, भाव परक्यांचा

ऑक्टोबर २०२५ मध्ये बोलिव्हियाच्या अध्यक्षपदी रोद्रिगो पाझ निवडून आले. २००६ पासून, मधला एका वर्षाचा खंड वगळता, सत्तेवर असलेल्या ‘समाजवादाकडे चळवळ’ या पक्षाला ऑगस्टच्या पहिल्या फेरीत अवघी तीन टक्क्यांच्या आसपास मते पडली. भांडवलशाहीच्या भाटांनी लगेच समाजवादाचे तेरावे उरकून घेतले. आपल्यापैकी काहींनी ‘साम्राज्यवादाचे कारस्थान’ एवढे म्हणून विषय मिटविला. या दोन्ही पक्षांना बोलिव्हियाचा इतिहास वाचण्याची गरज वाटत नाही, हे खेदाचे आहे.

हा देश क्षेत्रफळाने भारताच्या एक तृतीयांश. लोकसंख्या मात्र सव्वा कोटीही नाही. पश्चिमेस अँडीजच्या रांगांमधले उंच, रुक्ष पठार, मध्ये सुपीक खोरी, पूर्वेस सांताक्रूझची सखल भूमी. पठारावर आयमारा व केचुआ भाषा बोलणारे आदिवासी, पूर्वेस सोयाबीनची मोठमोठी शेते व त्यांचे धनाढ्य मालक. १८७९ साली सुरू झालेल्या युद्धात चिलीने समुद्रकिनारा हिरावून घेतला. तेव्हापासून स्वतःचा माल परक्याच्या बंदरातून पाठविणे या देशाच्या नशिबी आले.

१५४५ मध्ये पोतोसीच्या डोंगरात चांदी सापडली. १५७० च्या दशकापासून स्पेनच्या राज्यकर्त्यांनी तेथे ‘मिता’ नावाची वेठ लादली. ठरवून दिलेल्या प्रांतांतील प्रौढ पुरुषांपैकी सातवा हिस्सा पाळीपाळीने खाणीत राबावयाचा. अमेरिका खंडातील या चांदीचा एक ओघ युरोपीय व्यापाऱ्यांमार्फत सुरतेस येऊन मोगलांच्या टांकसाळीत रुपया बनत असे. जगाला नाणे पुरविणारे पोतोसी स्वतः मात्र दरिद्री राहिले.

चांदीनंतर कथील आले. पातिन्यो, होखशिल्ड व आरामायो या तीन घराण्यांनी देश वाटून घेतला. एप्रिल १९५२ च्या क्रांतीने त्यांच्या खाणी सरकारजमा केल्या, प्रत्येक प्रौढास मताधिकार दिला आणि पुढच्याच वर्षी जमीनसुधारणा केली. हे कार्य थोर होते, यात शंका नाही. पण कथील वितळविण्याची मोठी सरकारी भट्टी देशात सुरू झाली ती १९७१ साली! तोवर कामगारांनी छातीत धूळ भरून काढलेले बहुतेक खनिज वितळविण्यासाठी परदेशीच जात होते. खाणीचा मालक बदलला. भाव ठरविणारा बदलला नाही. १९८५ मध्ये कथिलाचा जागतिक बाजार कोसळला. त्याच वर्षी सरकारी खर्चाला कात्री लावून खुल्या बाजाराचे धोरण आणणारे अध्यक्ष होते व्हिक्तोर पाझ एस्तेन्सोरो, म्हणजे १९५२ च्या क्रांतीचेच नेते! वीस हजारांहून अधिक खाणकामगार रस्त्यावर आले.

त्यांतील अनेक चापारेच्या खोऱ्यात कोका पिकविण्यास गेले. त्याच भागातील शेतकरी संघटनांतून एवो मोरालेस यांचे नेतृत्व उभे राहिले. २००० साली कोचाबांबाच्या जनतेने पाण्याचे खासगीकरण उधळून लावले, २००३ मध्ये वायूच्या प्रश्नावर अध्यक्षांना देश सोडावा लागला आणि १ मे २००६ रोजी मोरालेस यांनी नैसर्गिक वायूचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. त्या उत्पन्नातून शाळकरी मुलांना व वृद्धांना अनुदान मिळाले. साठ टक्क्यांच्या घरातील दारिद्र्य दशकभरात चाळीस टक्क्यांच्या खाली आले. या यशाकडे डोळेझाक करणाऱ्यांस अर्थशास्त्र शिकविण्याचा अधिकार नाही.

परंतु पुढे काय झाले? ब्राझील व अर्जेंटिनास वायू विकावा आणि आलेला पैसा वाटावा, याच चाकोरीत अर्थव्यवस्था राहिली. नव्या साठ्यांचा पुरेसा शोध झाला नाही. २०१४ नंतर उत्पादन घसरत गेले. त्या वर्षी सुमारे १५०० कोटी डॉलर असलेली परकीय चलनाची गंगाजळी २०२३ पर्यंत २०० कोटींच्याही खाली आली. डिझेल महाग आणून स्वस्त विकता विकता डॉलर संपले आणि पंपांवर रांगा लागल्या. पक्षही आतून पोखरला होता. २०११ मध्ये संरक्षित वनातून जाणाऱ्या रस्त्याला विरोध करणाऱ्या आदिवासींच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालविल्या. २०१६ च्या सार्वमताने नाकारलेली पुन्हा उभे राहण्याची मुभा मोरालेस यांनी न्यायालयाकडून मिळविली. अखेरीस सत्तेसाठी नेतेच एकमेकांवर तुटून पडले.

हा समाजवादाचा पराभव नव्हे. समाजवाद अर्ध्या वाटेवर सोडल्याचा हा परिणाम आहे. मालकी सरकारकडे आली म्हणजे समाजवाद आला, हा आपला जुना भ्रम आहे. कच्च्या मालाचे पक्क्या मालात रूपांतर करणारे उद्योग, खाणीच्या कारभारात कामगारांचा अधिकार आणि नेत्यास जाब विचारणारा पक्ष, ही त्रयी नसेल तर राष्ट्रीयीकरण म्हणजे केवळ मुनीम बदलणे होय.

आज उयुनीच्या दहा हजार चौरस किलोमीटरांच्या मिठाच्या पठाराखाली जगातील सर्वांत मोठ्या लिथियमसाठ्यांपैकी एक पडून आहे. चांदी गेली, कथील गेले, वायू ओसरला. लिथियमही तसेच जाणार काय? भाट आणि भाबडे या दोघांनीही आपापल्या घोषणा बाजूला ठेवून प्रथम या प्रश्नाचे उत्तर शोधावे.