पऱ्हाटीच्या पानावरची लव

कपाशीच्या पाकिटावर बोंडांनी लगडलेलं झाड छापायला कंपन्या विसरत नाहीत. पण पान लवदार की चोपडं, हे त्यावर सहसा सापडत नाही. कोरडवाहू पऱ्हाटीवाल्याला मात्र आधी तेच कळायला हवं.

पान उलटं करून उन्हात तिरपं धरा. शिरांवर पांढरट लव दिसेल. तुडतुड्याची सारी भानगड इथेच आहे. फिकट हिरवा, तिरका चालणारा हा किडा पानाखाली राहून रस शोषतो. मग कडा पिवळ्या पडतात, लाल होतात, पान मुरडतं. त्याची मादी अंडी घालते ती शिरेच्या आत. लव दाट आणि लांबही असली, की तिला शिरेपर्यंत पोचणं जड जातं. नुसती दाट पण आखूड लव तितकी कामाची नाही. दक्षिण आफ्रिकेत बार्बरटनला कपाशीचे पैदासकार पार्नेल यांनी १९२०च्या दशकात याच गुणावर निवड करून 'यू-४' हे वाण काढलं. तुडतुड्यांपायी तिथली कपाशी बुडायच्या बेतात होती, ती या वाणानं तगली.

लव फुकट मिळत नाही, हेही सांगायला हवं. पांढऱ्या माशीला लवदार पान मानवतं, हिरव्या बोंडअळीचा पतंगही अंड्यांसाठी तेच पसंत करतो. वेचणीत लवदार पानाची पत्ती रुईला चिकटते, म्हणून जिनवाले कुरकुरतात. पंजाबसारख्या पांढऱ्या माशीच्या मुलखात मी लवदार वाणाची शिफारस करणार नाही. विदर्भात करीन.

कारण २००२ साली आलेलं बीटी बियाणं बोंडअळीसाठी होतं, तुडतुड्याचं त्यानं काही बिघडत नाही. त्याच्यासाठी पंप पाठीवर घ्यावाच लागतो. २०१७ साली यवतमाळात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं दगावली. लवेनं ते टळलं असतं, असा दावा मी करत नाही. पण पानानंच तुडतुडा थोपवला, तर सुरुवातीची एखादी फवारणी वाचते, आणि तेवढा मजुराच्या अंगावरचा फवाराही.

१९६६च्या बियाणे कायद्यानं उगवणशक्ती आणि शुद्धता लेबलावर आणली. तिथेच पानाच्या लवेची एक ओळ यायला हवी. ती येईपर्यंत दुकानदाराला विचारत राहा. पहिल्यांदा तो हसेल.

– शिवारकर