गुडघ्याला बाशिंग

‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण मी वर्गात कितीदा तरी समजावून दिली असेल. पण तिचा पुरता अर्थ कळावा तो गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या घरीच!

आमची पुतणी कॉलेजच्या कबड्डी संघातली. एका चढाईत पाय जमिनीत रोवलेला राहिला आणि अंग तेवढे वळले. गुडघ्याच्या आतला, डॉक्टर ज्याला एसीएल म्हणतात तो अस्थिबंध तुटला. २०२५च्या जानेवारीअखेर तिच्याच मांडीच्या मागची एक कंडरा काढून डॉक्टरांनी ती त्या जागी बसवली. शस्त्रक्रिया एका सकाळीत आटोपली. पुढचे काम मात्र महिन्यांच्या हिशेबाचे होते.

घरी आल्याबरोबर आजीने मायेने तिच्या गुडघ्याखाली मऊ उशी सारली. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीच्या बाई आल्या. त्यांनी ती उशी काढली आणि टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवली. आजीचा चेहरा पाहण्यासारखा झाला! पण बाईंचेच खरे होते. गुडघा वाकलेला ठेवला की तो तसाच आखडतो आणि मग पुरता सरळ होत नाही. शिवाय सुजेमुळे मांडीचा पुढचा स्नायू आपले काम जणू विसरतो आणि पाहता पाहता रोडावतो. म्हणून पाय सरळ करणे, मांडी आवळून दहा अंक मोजणे, पाय ताठ ठेवून उचलणे हे दिवसातून अनेकदा. धातूची रूपे चालवावीत तसे पाठांतरच ते!

पूर्वी असा पाय कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये ठेवीत. अमेरिकेत इंडियानापोलिसच्या डॉ. शेलबोर्न यांना असे दिसले, की जे रोगी सांगितलेले न ऐकता लवकर पाय सरळ करून चालू लागत, तेच अधिक चांगले बरे होत. त्यांनी १९९० साली तशीच पद्धत मांडली. रोग्यांच्या अवज्ञेतून वैद्याने शिकावे, ही गोष्ट मास्तरांनाही विचार करायला लावणारी आहे.

परंतु वाचकहो, अवज्ञेला येथेच मर्यादा आहे. खरी फसगत होते ती तिसऱ्या महिन्यात. सूज ओसरते, वेदना जाते, जिने भराभर चढता येतात. आणि बसवलेली कंडरा नेमकी त्याच सुमारास कच्ची असते. नव्या जागी रुजताना ती आधी दुबळी होते, मग सावकाश बळ धरते. एप्रिलअखेर पुतणीच्या संघाचे सामने होते. “काका, आता काही म्हणजे काही दुखत नाही हो! मग मला का नको?” तिचा प्रश्न बिनतोड होता. बाईंनी उत्तर न देता टेपने तिच्या दोन्ही मांड्या मोजल्या. दुखावलेल्या पायाची मांडी दोन सेंटिमीटर बारीक भरली. पोर गप्प झाली. सामन्यांच्या दिवशी ती गुणलेखकाच्या शेजारी वही घेऊन बसली, आणि संघ दुसऱ्या फेरीत हरला तेव्हा घरी येऊन जेवली नाही.

या धीराचे मोलही मोजले गेले आहे. २०१६ साली नॉर्वे-अमेरिकेतल्या संशोधकांना असे आढळले, की नवव्या महिन्यापर्यंत मैदानावर परतणे जसजसे लांबवावे, तसतसे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण दर महिन्यामागे ५१ टक्क्यांनी घटते. तरीही नऊ महिने भरले म्हणजे मैदान मिळालेच असे नाही. त्या पायाचे बळ दुसऱ्याच्या निदान नव्वद टक्के भरावे लागते.

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाण्याची चाल मोठी चांगली. पण पहिल्या आठवड्यात संत्र्यांचा ढीग पडतो आणि तिसऱ्या महिन्यात कोणी फिरकत नाही. तेव्हा रोगी बरा दिसतो ना! भिंतीकडे तोंड करून एकट्याने अंक मोजण्याचे दिवस मात्र तेच असतात. या दिवाळीत फराळाला जाल तेथे असा कोणी असेल, तर ‘कधी खेळणार?’ असे विचारू नका. ‘आज व्यायाम झाला का?’ असे विचारा, आणि जमल्यास शेजारी बसून अंक मोजा.