आमच्या मुलांनी नुसते चिरेच वाहायचे काय?

पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जेवढे बांधकाम झाले, तेवढे आमच्या आजा-पणज्यांनी उभ्या हयातीत पाहिले नसेल. कोकण रेल्वे आली आणि 26 जानेवारी 1998 पासून ती संपूर्ण मार्गावर धावू लागली. तिळारीचे कालवे आले. पत्रादेवीहून येणारा महामार्ग चौपदरी झाला. मोपाच्या पठारावर 2016 साली विमानतळाची पायाभरणी झाली आणि 5 जानेवारी 2023 पासून तेथून विमाने उडू लागली. जमिनी आमच्या गेल्या, काजूची झाडे आमची गेली. पण या कामांवर आमची किती मुले अभियंता, सर्वेक्षक वा आरेखक म्हणून उभी राहिली आणि किती नुसती चिरे वाहायला किंवा फाटकावर पहाऱ्याला, हे वारखंड, उगवे, चांदेल, साळ, मेणकुरे येथील सुज्ञ वाचकांनी आपापल्या वाड्यावर मोजून पाहावे.

वाट नाही असे नाही. दोन्ही तालुक्यांत आयटीआय आहे. डिचोलीत मये येथे सरकारी तंत्रनिकेतन आहे. फर्मागुडीला 1967 साली स्थापन झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दहावीनंतर तीन वर्षांची स्थापत्य पदविका करावी आणि गुण चांगले असल्यास पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यावा, असा राजमार्ग आहे. मग आमची मुले त्यावर अडखळतात कोठे?

आमच्या मते ती भाषेपाशी अडखळतात. आमचे मूल चौथीपर्यंत मराठीतून शिकते. पाचवीला माध्यम बदलते. गणित आणि विज्ञान नेमके कठीण होऊ लागते, त्याच वेळी हातातले पुस्तक परके होते. मूल हुशार असेल तर पाठ करते, पण पाठ केलेले बांधकामावर उपयोगी पडत नाही.

एक साधे उदाहरण देतो. काँक्रीटच्या ‘क्युअरिंग’ची व्याख्या विद्यार्थी इंग्रजीत धडाधड लिहितो. पण स्लॅबवर पाणी कशासाठी मारायचे, असे विचारले तर ‘तडे जाऊ नयेत म्हणून’ एवढेच सांगतो. तडे जातात हे खरे, पण ते उत्तर अर्धे आहे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाणी पिऊन घट्ट होते. पाणी आणि सिमेंट यांची रासायनिक क्रिया दिवसेंदिवस चालू राहते, म्हणून साध्या सिमेंटला निदान सात दिवस ओलावा द्यावा लागतो आणि काँक्रीटची ताकद 28 व्या दिवशी तपासली जाते. आईच्या भाषेत हे एकदा कळले की मूल जन्मभर विसरत नाही. कोकणी बोलणाऱ्या घरांतील मुलांची अडचणही हीच आहे. हा मराठी-कोकणीचा झगडा नव्हे.

शिवाय आमची मुले कोऱ्या पाटीची नाहीत. ओळंबा, गुण्या, थापी, जोते, गिलावा हे शब्द ती गवंडीकाम करणाऱ्या बाप-काकांकडून ऐकत आलेली असतात. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि वारा-ऊन लागल्यावर कठीण होतो, हे शेंबडे पोरही जाणते. याच जांभ्याला 1807 साली फ्रान्सिस बुकानन याने, विटेच्या लॅटिन शब्दावरून, ‘लॅटराइट’ असे नाव दिले. या मातीला कमी लेखले की काय होते, ते पेडण्याच्या रेल्वे बोगद्याने दाखवले. पाण्याने भरलेली चिकणमाती पुन्हा पुन्हा ढासळली, काम रखडले. 2020 च्या ऑगस्टमध्ये याच बोगद्याची भिंत कोसळून गाड्या बंद पडल्या. या मातीत वाढलेल्या मुलाला मृदाशास्त्र त्याच्या भाषेत शिकवले, तर तो त्यात कोणाच्या मागे का राहील?

‘मराठीतून इंजिनियरिंग कसले?’ असे कोणी हसून म्हणतील. त्यांना इतिहास सांगावासा वाटतो. 1823 साली मुंबईत जॉर्ज जर्व्हिस या लष्करी अभियंत्याच्या देखरेखीखाली सुरू झालेल्या संस्थेत मोजणी आणि बांधकामाचे शिक्षण मराठी-गुजरातीतून दिले जात होते, आणि त्यासाठी गणिताची पुस्तके मराठीत उतरवली गेली होती. ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीची. 2021 साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी दिली, त्या भाषांत मराठी आहे. पाठ्यपुस्तकांचे अनुवादही होत आहेत.

इंग्रजी नको, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. नकाशे, निविदा, मानके इंग्रजीत असतात आणि ती वाचता आलीच पाहिजेत. बीम, कॉलम, स्लॅब हे शब्द आता आमचेच झाले आहेत. त्यांना जड प्रतिशब्द शोधत बसण्याचे कारण नाही. आमची मागणी माफक आहे. तंत्रनिकेतनाच्या पहिल्या वर्षात गणित, पदार्थविज्ञान आणि यामिकी हे विषय दोन्ही भाषांतून समजावले जावेत. उत्तरात मराठी-कोकणी वाक्य आले तर गुण कापू नयेत. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती बांधकामातील शब्दांची एक छोटी पुस्तिका असावी, आणि तिच्यात पुस्तकी शब्दाशेजारी गवंड्याचा शब्द असावा.

सरकारकडे मागायचे ते मागू. पण पालकांनीही काही करावे. आठवीपासून मुलाचे गणित सुटू देऊ नये. ‘बांधकाम हे मुलीचे काम नव्हे’ हे म्हणणे सोडावे. आरेखन, मोजणी, अंदाजपत्रक यांत मुलगी कोठेही कमी पडत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मुलाला जवळच्या बांधकामावर न्यावे, ओळंबा धरायला द्यावा, चौरस मीटरचा हिशेब त्याच्याकडून करून घ्यावा. आयटीआय आणि पदविकेचे प्रवेश अर्ज दहावीच्या निकालानंतर सुटतात आणि मुदत थोडी असते. जातीचा व रहिवासी दाखला तेव्हा धावपळ करण्यापेक्षा आताच काढून ठेवावा. अर्ज भरण्यास अडचण आली तर गावच्या शाळेत यावे, आम्ही शिक्षक तेथे आहोत.