न दुखणारे पाऊल

दोन महिन्यांपूर्वी एक आजोबा खोकल्यासाठी दवाखान्यात आले. पंधरा वर्षांचा मधुमेह असल्याने सवयीप्रमाणे त्यांचे तळपाय पाहिले, तो टाचेत टाचणी रुतलेली आणि भोवती पू! "दुखत तर काहीच नाही हो," आजोबा म्हणाले. काळजीची गोष्ट नेमकी तीच होती.

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की मज्जातंतूंना इजा होते आणि त्यांना पोसणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्याही खराब होतात. पायाच्या बोटांपर्यंत जाणारे तंतू सर्वांत लांब, म्हणून बहुधा सुरुवात तिथून होते. आधी मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते. पुढे बधिरपणा येतो. चप्पल पायातून कधी निसटली, तेही कळत नाही. त्यामुळे आग आपोआप थांबली म्हणजे आजार बरा झाला, असे समजू नये.

मोठ्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या, तर चालताना पोटरीत गोळे येतात आणि थांबल्यावर बरे वाटते. अशा पायाला रक्तपुरवठा अपुरा असल्याने जखम लवकर भरत नाही. तंबाखू, वाढलेला रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल या हानीत भर घालतात.

घरी एवढे अवश्य करावे. रोज रात्री तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा घ्यावा किंवा घरच्यांनी पाहावे. घरातही अनवाणी फिरू नये. चप्पल-बूट झटकून घालावेत. पाय शेकू नयेत. आंघोळीच्या पाण्याचा अंदाज घरच्यांनी कोपर बुडवून घ्यावा. कुरूप ब्लेडने कापू नये. फोड, जखम, सूज किंवा काळपटपणा दिसल्यास, दुखत नसले तरी, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

वर्षातून एकदा तरी पायांची संवेदना आणि नाडी तपासून घ्यावी. मेटफॉर्मिन दीर्घकाळ चालू असेल, तर बी-१२ जीवनसत्त्वाच्या तपासणीविषयी विचारावे. त्याच्या कमतरतेनेही मुंग्या येतात, आणि त्यावर उपचार आहे.

आजोबांची जखम आता भरली आहे. बोट दुखत नसताना मुलांना कशाला त्रास द्यायचा, या संकोचाने ते गप्प राहत. आता रोज झोपण्यापूर्वी नात बॅटरी घेऊन त्यांचे पाय पाहते. दोन मिनिटांचे काम. पण त्यावर एखादे पाऊल वाचते.