कमरेला अर्धा किलो : छोटी रिव्हॉल्व्हर घ्यावी का?



आज खत-औषधाचं काही लिहीत नाही. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते लिहितो. गेल्या वर्षभरात चार-पाच जणांनी मला विचारलं, "आबा, तुम्ही रिव्हॉल्व्हर बघायला गेला होता म्हणं, कोणती चांगली?" एकेकाला सांगण्यापेक्षा एकदाच लिहिलेलं बरं.

भाद्रपदात चाळीतला कांदा विकून घरी येत होतो. पुतण्या ट्रॅक्टर घेऊन पुढं गेलेला, मी मागून मोटरसायकलवर. ओढ्याच्या फरशीवर दोघांनी गाडी आडवी लावली. एकाच्या हातात कोयता. बंडीच्या आतल्या खिशात एकसष्ट हजार होते, ते काढून दिले. सगळा कारभार दोन मिनिटांचा. अंगाला ओरखडा नाही, पण पुढं महिनाभर ओढा आला की पोटात गोळा यायचा.

पोरगा म्हणाला, "आबा, परवाना काढू. कमरेला एक बारकी रिव्हॉल्व्हर असली म्हणजे कुणाची हिंमत होणार नाही." मलाही पटलं. खोटं कशाला बोलू.

आधी कायद्याचं सांगतो, कारण इथंच बऱ्याच जणांचा घोळ होतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणाची बंदूक वेगळी आणि स्वसंरक्षणाची रिव्हॉल्व्हर वेगळी. पिकासाठी कायदा ठासणीची बंदूक म्हणतो. ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची, म्हणजे आपली बारा बोअर. रिव्हॉल्व्हर त्यात बसत नाही. ती मागायची तर जिवाला धोका काय, हे कागदावर दाखवावं लागतं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं, शहरात पोलीस आयुक्तांकडं. पोलीस ठाण्याचा अहवाल येतो, शस्त्र सुरक्षितपणे हाताळायचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं.

आता रानडुकराचं आणि बिबट्याचं. आमच्या संगमनेर-अकोले पट्ट्यात उसात बिबट्या नवा नाही. काही जणांना वाटतं, रात्री दारं धरायला जाताना कमरेला रिव्हॉल्व्हर असली की झालं. अजिबात नाही. आखूड नळीच्या .३२ च्या गोळीनं रानडुक्कर जागेवर पडत नाही, जखमी होऊन अंगावर येतं. बिबट्या तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. अंधारात थरथरत्या हातानं त्याला जखमी केला तर तो उद्या शेजाऱ्याच्या वस्तीवर जास्त घातक होऊन येईल, आणि केस तुमच्यावर होईल ती वेगळीच. जनावरासाठी म्हणून रिव्हॉल्व्हर हा विचार डोक्यातून काढून टाका.

राहिला माणूस. माणसासाठी घ्यायची तर काय घ्यायची?

९ एमएम आणि .३८ या बोअर आपल्यासारख्यांना मिळत नाहीत, त्या प्रतिबंधित आहेत. सरकारी कारखान्यांच्या मालात मुख्य .३२ आणि .२२. कानपूरची जुनी .३२ सातशे ग्रॅमच्या आसपास. २०१४ साली 'निर्भीक' आली, टायटॅनियम मिश्रधातूची, पाचशे ग्रॅमची. त्या वेळी तिची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. 'निडर' .२२ ची, अडीचशे ग्रॅमची, खिशात मावणारी. २०२३ साली 'प्रबल' आली, काडतुसाशिवाय ६७५ ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर. जुन्या रिव्हॉल्व्हरी मधून मोडून भराव्या लागतात, प्रबलचं चक्र बाजूला उघडतं.

हे वाचून कुणालाही वाटेल, सगळ्यात हलकी ती सगळ्यात चांगली. मलाही तेच वाटलं. पण माझा वर्गमित्र फौजेतून सुभेदार होऊन आलाय. त्यानं पहिल्याच वाक्यात जमिनीवर आणलं. "गड्या, हलकी रिव्हॉल्व्हर बाळगायला सोपी आणि मारायला अवघड असते."

त्यानं सांगितलेलं माझ्या भाषेत लिहितो. तीच गोळी हलक्या हत्यारातून सुटली की धक्का जास्त बसतो. नळी आखूड असली की पुढची माशी आणि मागची खाच यातलं अंतर कमी. हात जरासा हलला तरी गोळी भलतीकडं जाते. घोडा न ओढता सरळ चाप ओढायचा तर बोटाला चांगलाच जोर लागतो, आणि जोर लावताना नळीचं तोंड खाली जातं. मूठ बारकी असली तर आपल्या खोरं धरलेल्या हातात करंगळीला जागाच राहत नाही. म्हणून घेणाऱ्यानं आधी दुकानात रिकामं हत्यार हातात धरून बघावं. पूर्ण मूठ बसते का, बोटाचं पहिलं पेर चापावर नीट येतं का, घोडा कपड्यात अडकतो का. जुनी घेणार असाल तर घोडा गोळीवर आपटू नये म्हणून आत अडसर आहे का, ते जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. नसेल तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची जुनी पद्धत आहे. आणि .२२ चा धक्का कमी असला तरी तिची गोळीही तेवढीच हलकी.

मग सुभेदारानं मला एक काम लावलं. म्हणाला, "अर्ज नंतर कर. घरातलं अर्ध्या किलोचं लोखंडी माप घे, फडक्यात गुंडाळ आणि आठ दिवस कमरेला बाळग. अंघोळ आणि झोप सोडून कुठंही काढायचं नाही. तेवढं जमलं तर पुढचं बोलू."

मी हसलो, पण केलं.

पहिल्या दिवशी फवारणीचा पंप पाठीवर घेतला तर पट्टा नेमका मापावर. बरगडीखाली वळ उठला. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवर चढताना दोनदा सटकलं. पायजम्याच्या नाडीला अर्धा किलो पेलत नाही, म्हणून जाड पट्ट्याची पँट घालायला लागलो. गावात लोक विचारायला लागले, कुठं लग्नाला निघाला काय. तिसऱ्या दिवसापर्यंत फडकं घामानं चिंब, मापावर तांबेरा. रिव्हॉल्व्हर असती तर रोज पुसणं, तेल देणं आलं. आपल्याकडं नांगराचा फाळ पुसायला वेळ नसतो.

पाचव्या दिवशी मोटर चालू होईना म्हणून विहिरीवर गेलो. वाकून फूटव्हॉल्व्ह बघायचा होता, माप खुपत होतं, काढून स्टार्टरच्या पेटीवर ठेवलं. मोटर चालू झाली, मी पाण्यामागं गेलो आणि विसरलो.

तासाभरानं नातू बांधावरून पळत आला. सात वर्षांचा. फडकं सोडून माप हातात घेतलेलं. "आबा, तुमचं माप पेटीवर राहिलं होतं."

मी बांधावरच बसलो. ते माप होतं म्हणून. त्या दिवशी जेवण गेलं नाही. घरात कुणाला काही सांगितलं नाही, फक्त सुभेदाराला फोन केला. तो एवढंच म्हणाला, "आठ दिवस लागले नाहीत तुला."

कायद्याचीही अपेक्षा हीच आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं सार्वजनिक जागी रिव्हॉल्व्हर अंगावर, व्यवस्थित म्यानात, पूर्ण झाकलेली आणि आपल्या ताब्यात पाहिजे. काढून दाखवणं, हवेत उडवणं बंद. लग्नात बार उडवला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. घरी कुलपात ठेवायची. निवडणूक आली की प्रशासन सांगेल तेव्हा जमा करायची. म्हणजे हे हत्यार एकतर तुमच्या अंगावर नाहीतर कुलपात, तिसरी जागा नाही. आणि आपल्या कामात दिवसातून दहा वेळा तिसरी जागाच लागते : पेटी, बांध, गोठ्याची दावण, ट्रॅक्टरची सीट.

ओढ्यावरचा प्रसंगही मी पुन्हा आठवून बघितला. एक हात क्लचवर, एक ब्रेकवर, कोयता हातभर अंतरावर. शर्ट वर करून, म्यानाचं बटण काढून हत्यार हातात येईपर्यंत काय झालं असतं ते सांगायला नको. स्वसंरक्षणाचा हक्क कायदा देतो, भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ त्यासाठीच आहेत. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा नाही, आणि गरज किती होती ते नंतर कोर्ट ठरवतं. एकसष्ट हजारांसाठी मी कोर्टाच्या पायऱ्या नाहीतर तिरडी, यातलं एक नक्की घेतलं असतं.

कुणीच घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. ज्याला खरोखर धमक्या आहेत, ज्याचा धंदाच रोकडीचा आहे, ज्याच्या हाताला सराव आहे आणि घरात लोखंडी तिजोरी आहे, त्यानं रीतसर परवाना काढावा. माझं म्हणणं दिवसभर मातीत वाकणाऱ्या माणसापुरतं आहे. त्याच्या कमरेला ती शोभत नाही आणि टिकतही नाही.

तरण्या पोरांना एक सांगतो. परवान्याला वेळ लागतो म्हणून कुणी गावठी कट्टा आणून देतो म्हणाला तर त्याच्या सावलीलाही उभं राहू नका. नुसता जवळ सापडला तरी कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं. शिवाय तो कट्टा पुढं फुटेल का हातात, हे करणाऱ्यालाही माहीत नसतं.

मी काय केलं? हिशोबपट्टीचे पैसे खात्यावरच घेतो, व्यापाऱ्याला तसं आधीच सांगतो. बाजारातून दोघं मिळून निघतो, ओढ्याची वाट सोडून डांबरीनं येतो, चार किलोमीटर जास्त पडतात. रात्रीच्या लाईटला दारं धरायला एकटं जायचं नाही, मोठी बॅटरी आणि मोबाईलवर मोठ्यानं गाणी.

अर्ज भरला नाही. ते माप परत तराजूपाशी ठेवलंय. ज्याला रिव्हॉल्व्हर घ्यायची आहे त्यानं माझ्याकडून घेऊन जावं, आठ दिवस कमरेला बाळगावं आणि मग ठरवावं.