जीवशास्त्राला रामराम ठोकण्यापूर्वी

विद्यार्थी मित्रांनो, दहावी झाली की तुमच्यापैकी अनेकजण गणित घेतात आणि जीवशास्त्राला रामराम ठोकतात. मी स्वतः महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. तरीही ही घाई मला चुकीची वाटते. का, ते एका प्रथिनावरून पाहू.

आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर 'नॉच' नावाचे एक ग्राहक प्रथिन असते. नॉच म्हणजे खाच. याचे जनुक सदोष असलेल्या फळमाश्यांच्या पंखांना खाचा दिसल्या, त्यावरून हे नाव पडले. शेजारची पेशी आपल्या पृष्ठभागावरील रेणूने नॉचला पकडून खेचते. हा ओढा किती? अवघे काही पिकोन्यूटन! एका न्यूटनचे लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोन्यूटन. एवढ्या ओढ्याने प्रथिनाची घडी उलगडते, विकरे ते कापतात आणि आतला तुकडा केंद्रकात जाऊन ठराविक जनुके चालू करतो.

हृदयातून महाधमनी निघते तेथील झडपेला तीन पाकळ्या असतात. शंभरात सुमारे एकाला जन्मतः दोनच. २००५ साली अशा झडपविकाराच्या दोन कुटुंबांत नॉच-१ जनुकात दोष आढळला. म्हणजे गर्भात झडप घडताना या प्रथिनाचा हात असावा. मात्र सर्वच रुग्णांत हा दोष सापडत नाही, हेही विसरू नका.

आता सांगा, हा ओढा मोजणे पदार्थविज्ञान की जीवशास्त्र? निसर्गाच्या वेळापत्रकात विषयांचे वेगळे तास नसतात. ते आपण पाडले. शिक्षकांनीही बलाच्या धड्यात दोरी-कप्पीबरोबर हे उदाहरण द्यावे. विषय जरूर निवडा, पण दुसऱ्याचे दार लावून घेऊ नका.