शंभर फुटी फिल्मचा नवा हिशेब

ऑगस्ट २०२५ मध्ये ईस्टमन कोडॅक या अमेरिकी कंपनीने आपल्या आर्थिक अहवालात स्वतःच्याच भवितव्याविषयी गंभीर शंका नोंदवली आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी ‘कोडाकलर’ नावाने दोन फिल्म बाजारात आणल्या. फिल्मला गिऱ्हाईक पुन्हा मिळू लागले आहे. ती बनविणारे कारखाने मात्र जगात मोजकेच उरले आहेत. त्यामुळे भाव चढे आहेत. या साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाला असलेल्या धाराशिवसारख्या जिल्ह्यातील हौशी छायाचित्रकाराला शंभर फुटांचे रीळ मागवून त्याचे छोटे रोल घरीच भरावेत, असे वाटले तर नवल नाही.

ही युक्ती जुनीच आहे. परकीय चलनाची चणचण होती त्या काळात जिल्ह्याच्या गावांतील स्टुडिओचालकही असेच करीत. भिंतीवर दोन खिळे ठोकायचे, अंधारात त्यांच्यामधल्या अंतराने फिल्म मोजायची, कापायची आणि वापरलेल्या डबीत गुंडाळायची. पूर्व जर्मनीची ‘ऑर्वो’ मिळे, आणि ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ही. १९६० मध्ये स्थापन झालेला हा सरकारी उद्योग डिजिटल कॅमेऱ्याने बुडविला, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक पॉलिएस्टर एक्स-रे फिल्मच्या प्रकल्पाचे कर्ज आणि खुली झालेली आयात यांमुळे तो १९९० च्या दशकातच आजारी पडला होता. तेव्हाच्या टंचाईला सरकारजवळ निदान एक उत्तर होते. आज कृष्णधवल फिल्मसाठीही आपण पूर्णतः परदेशावर अवलंबून आहोत.

बचतीचा हिशेब तपासून पाहण्याजोगा आहे. ३०.५ मीटरच्या रिळातून छत्तीस फ्रेमचे सुमारे अठरा रोल निघतात. इल्फर्ड किंवा फोमा घेतली तर काही पैसे वाचतात. काही कंपन्यांनी मोठ्या रिळाचे भाव असे वाढविले आहेत की बचत उरतच नाही. शिवाय लोडर आणि डब्यांचा खर्च वेगळा. झाकण चुकून उघडले तर नुकसान एका रोलचे नव्हे, सगळ्या रिळाचे. आमच्या मते खरा लाभ वेगळाच आहे. शिकणाऱ्याला बारा फ्रेमचा रोल भरता येतो, तुळजापूरची एक सकाळ किंवा नळदुर्गचा एक बुरूज टिपून संध्याकाळी निगेटिव्ह धुऊन चूक पाहता येते. असे चाळिसेक रोल एका रिळातून निघतात. छत्तीस फ्रेम संपण्याची वाट पाहत महिनाभर थांबणाऱ्याच्या चुका मात्र तशाच राहतात.

या पद्धतीची खरी परीक्षा होते ती मराठवाड्याच्या हवेत. कोरड्या हवेत फिल्म भराभर गुंडाळली की स्थिर विजेच्या ठिणग्या पडतात आणि निगेटिव्हवर विजेच्या फांद्यांसारख्या रेषा उमटतात. तेव्हा मूठ सावकाश फिरवावी. डबीच्या तोंडाशी असलेल्या मखमलीत धुळीचा एक कण अडकला तर सबंध रोलवर सरळ ओरखडा जातो. डेव्हलपिंगचे प्रमाणित तापमान २० अंश. एप्रिल-मेमध्ये टाकीतले पाणी त्याच्या कितीतरी वर असते, म्हणून बर्फ लागतोच.

आणि पाण्याचा प्रश्न आहेच. शेजारच्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा भागात वाहत्या नळाखाली अर्धा तास फिल्म धुणे न परवडणारे आहे. इल्फर्डने सुचविलेल्या पद्धतीत टाकी तीनदा भरायची आणि अनुक्रमे पाच, दहा, वीस वेळा उलटी-सुलटी करायची. एवढ्याने काम भागते. लहान टाकीला दीड लिटरच्या आसपास पाणी पुरते. पुण्या-मुंबईतील हौशींनीही हा पाठ गिरवायला हरकत नाही.

राहता राहिला साठवणुकीचा प्रश्न. उघडलेले रीळ चाळीस अंशांच्या खोलीत वर्षभर पडून राहिले तर त्यावर धुरकटपणा येतो. ते फ्रिजमध्ये हवाबंद ठेवावे आणि भरण्यापूर्वी काही तास बाहेर काढावे, अन्यथा दव धरते. एकट्याने ते लवकर संपवणे कठीण. तिघाचौघांनी मिळून एक रीळ घेतले तर खर्चही वाटला जातो. वापरलेल्या डब्यांवर आत कोणती फिल्म आहे व किती फ्रेम आहेत, हे ठळक लिहावे. डबीवरची जुनी चौकटींची खूण वाचणारा कॅमेरा भलताच वेग धरून बसतो.